मोटरसायकलवर चार्जिंग पोर्ट आणि जादा दिवे: वायरिंग स्वतः करायचं असेल तर

जुलै महिना, आंबोलीचा घाट, रात्रीचे साडेआठ. धुकं इतकं दाट की पुढच्या ट्रकचा लाल दिवाही मधूनच दिसायचा. सावंतवाडीच्या बाजूने घाट चढताना माझ्या गाडीचा हेडलाइट, टेललाइट, हॉर्न आणि इंजिन एकदमच गेलं. गाडी कडेला ढकलली, टॉर्च तोंडात धरून मेन फ्यूज बदलला, चावी फिरवली आणि तोही उडाला. तिसरा फ्यूज जवळ नव्हता. शेवटी एका टेंपोत गाडी चढवून आंबोली गाठली. सकाळी हेडलाइट उघडल्यावर कारण दिसलं. एका ॲक्सेसरीच्या दुकानात बसवून घेतलेल्या मोबाइल चार्जरची लाल वायर गाडीच्या वायरला नुसता पीळ देऊन, वर काळी टेप गुंडाळून जोडलेली होती. पावसात टेप सुटली, उघडी तार हेडलाइटच्या पट्टीला टेकली आणि शॉर्ट झाला.

चार्जर चांगला होता, आजही चालतो. चूक जोडणीत होती. तेव्हापासून स्वतःच्या आणि मित्रांच्या गाड्यांवर जे काही जोडलं, ते एकाच गोष्टीला धरून: जोडलेल्या वस्तूचा बिघाड त्या वस्तूपाशीच संपला पाहिजे. चार्जर जळाला तर जळू दे, फॉगलँप बंद पडले तर पडू देत, पण गाडी घरी पोचली पाहिजे. पुढचं सगळं काम या हिशेबाने सांगतो.

आधी विजेचा हिशेब

मोटरसायकलमध्ये वीज बॅटरी तयार करत नाही. इंजिनला जोडलेला स्टेटर वीज तयार करतो, रेग्युलेटर-रेक्टिफायर म्हणजे गॅरेजच्या भाषेत आरआर युनिट ती डीसी करून आवरतं, आणि बॅटरी फक्त साठवण करते. १०० ते १२५ सीसीच्या बऱ्याच गाड्यांत ही साठवण ३ ते ५ अँपिअर-आवर एवढीच असते. कारच्या बॅटरीचा अंदाज इथे लावू नका. शिवाय १ एप्रिल २०१७ पासून भारतात नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनबरोबर कायम चालू राहतो, म्हणजे स्टेटरच्या विजेतला मोठा वाटा आधीच गेलेला असतो. उरतं त्यात आपल्याला भागवायचं आहे.

आता मागणी किती ते बघू. १८ वॉटचा यूएसबी चार्जर स्वतः थोडी वीज उष्णतेत घालवतो, म्हणून गाडीकडून २१ वॉटच्या आसपास ओढतो, म्हणजे साधारण १.६ अँपिअर. प्रत्येकी २० वॉटचे दोन एलईडी फॉगलँप मिळून ३ अँपिअर. हँडलचे गरम ग्रिप ३० वॉटच्या पुढेच जातात. ते लडाख-स्पितीला जाणाऱ्यांनी बसवावेत, महाबळेश्वरच्या थंडीला हातमोजे पुरतात. फॉगलँपच्या खोक्यावर छापलेल्या वॉटवर विश्वास ठेवू नका. स्वस्त दिव्यांवर '१२० वॉट' लिहिलेलं असतं आणि मीटर लावला की त्यातला एक १८ वॉट निघतो. खरा आकडा हवा असेल तर मल्टिमीटर १० अँपिअरच्या खाचेत लावून, दिव्याच्या वायरमध्ये मालिकेत जोडून थेट मोजा.

काहीही विकत घेण्याआधी एक चाचणी करा. पाचशे रुपयांच्या आतबाहेर मिळणारा साधा मल्टिमीटर पुरतो. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी बॅटरीच्या दोन टोकांवर डीसी व्होल्ट मोजा. १२.६ ते १२.८ असेल तर बॅटरी भरलेली आहे. १२.२ ला ती निम्म्यावर आली आहे असं समजा. मग इंजिन चालू करून थोडी रेस धरा, आकडा १३.८ ते १४.५ च्या दरम्यान यायला हवा. १५ च्या वर जात असेल तर आरआर युनिट बिघडलं आहे, ते दुरुस्त झाल्याशिवाय काहीही जोडू नका. आणि शेवटची, सगळ्यात उपयोगी नोंद: गाडी आयडलवर, हेडलाइट चालू, ब्रेक दाबलेला, इंडिकेटर चालू. या वेळी आकडा १३ च्या वर टिकत असेल तर हात थोडा मोकळा आहे. १२.७ च्या खाली घसरत असेल तर ट्रॅफिकमध्ये उभ्या उभ्या तुमची बॅटरी आधीच रिकामी होते आहे. अशा गाडीवर चार्जरपुरतंच थांबावं, फॉगलँप नकोत.

सामान

वायरवर पैसे वाचवू नका, हे अगदी मनापासून सांगतो. घरातल्या जुन्या फिटिंगची एकच जाड तार असलेली वायर गाडीच्या थरथरीत आतल्या आत तुटते आणि वरून कळतही नाही. बारीक बारीक तारांची, मऊ आवरणाची ऑटो वायर घ्या. दुकानात टोक ब्लेडने सोलून एक तार नखाएवढी खरवडून बघा. आत तांबूसच रंग राहिला तर ठीक. पांढरट चकाकी दिसली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार आहे, परत ठेवा. ती कोकणातल्या दमट हवेत एका पावसाळ्यात पांढरी भुकटी होऊन जाते.

जाडी १ चौरस मिलिमीटर चार्जरला आणि फॉगलँपला भरपूर झाली, बॅटरीपासून रिलेपर्यंतची (रिले म्हणजे काय ते पुढे सांगतो) मुख्य वायर १.५ ची घ्या. कारण असं, की १ चौरस मिमीच्या तांब्याच्या तारेत जाऊन-येऊन तीन मीटरमध्ये ५ अँपिअर वाहिले की पाव व्होल्ट वाटेत जातो. ०.५ ची घेतली तर अर्धा व्होल्ट. अर्ध्या व्होल्टने दिवा बंद पडत नाही, पण जे व्होल्ट वाटेत जातात ते वायर तापवण्यातच जातात.

बाकी यादी छोटी आहे. १२ व्होल्टचा ३० अँपिअरचा रिले, त्याच्या सॉकेटसकट, फॉगलँप लावणार असाल तर असे दोन. पाण्यापासून झाकण असलेले चार ब्लेड फ्यूज होल्डर. फ्यूज ३, ५, ७.५ आणि १० चे. क्रिंप करायचे, म्हणजे पकडीने वायरवर दाबून बसवायचे, स्पेड आणि बुलेट कनेक्टर, बॅटरीच्या बोल्टखाली बसणारे गोल थिंबल. गरम केल्यावर आवळणारी स्लीव्ह, आतून गोंद असलेली मिळाली तर उत्तमच. काळे केबल टाय (पांढरे उन्हात लवकर तडकतात), जुन्या वायरिंगसारखी काळी नळी, आणि क्रिंपिंगची पक्कड. साध्या पकडीने दाबलेला कनेक्टर महिन्याभरात सुटतो.

फ्यूजचा रंग पाठ करून ठेवा, रस्त्यात अंधारात उपयोगी पडतो: ३ जांभळा, ५ फिकट तपकिरी, ७.५ गडद तपकिरी, १० लाल, १५ निळा. फ्यूज वस्तूचं रक्षण करतो असं बहुतेकांना वाटतं. त्याचं पहिलं काम वायरला वाचवण्याचं आहे. म्हणून वायर जेवढं सोसते त्यापेक्षा फ्यूज कायम लहान हवा, आणि वस्तू जेवढं ओढते त्यापेक्षा थोडा मोठा. चार्जरला ३ चा, दोन फॉगलँपला मिळून ५ चा, मुख्य वायरला १० चा.

चार्जर निवडताना वरची टोपी घट्ट बसते का आणि स्वतःचं बटण आहे का एवढं आधी बघा. कारच्या लायटरसारखं गोल सॉकेट मोटरसायकलवर लावू नये असं माझं ठाम मत आहे. त्याचा खड्डा पावसात वाटीसारखा भरतो.

पॉझिटिव्ह कुठून घ्यायचा

सगळ्या कामाचं मर्म इथे आहे. तीन वाटा आहेत.

पहिली, थेट बॅटरीवरून. सोपी आहे आणि म्हणूनच सगळे तीच करतात. पण व्होल्ट दाखवणारा छोटा डिस्प्ले असलेला चार्जर, मोबाइल लावलेला नसतानाही, सहज २० मिलिअँपिअर पीत राहतो. ३ अँपिअर-आवरची बॅटरी त्याने १५० तासांत, म्हणजे सहा दिवसांत सपाट होते, आणि सेल्फ मारण्याची ताकद त्याच्या कितीतरी आधी संपते. गणपतीला गावी गेलात, गाडी पुण्यात पार्किंगमध्ये राहिली, परत आल्यावर सेल्फ नुसता टकटक करतो. ज्या गाडीला किक नाही तिथे पुढचं ढकलणं ठरलेलं.

दुसरी वाट, चावी चालू केल्यावरच वीज येणारी गाडीची एखादी वायर पकडायची. फक्त एक साधा चार्जर लावायचा असेल तर हीच वाट पुरे, रिले नको. मात्र जिथून वायर घेतली तिथून बोटभर अंतरावर स्वतःचा ३ अँपिअरचा फ्यूज हवाच. माझ्या गाडीवर नेमका तोच नव्हता. असता, तर आंबोलीत तो ३ चा फ्यूज उडून गेला असता आणि मी मोबाइलविना पण उजेडात घाट चढलो असतो.

तिसरी वाट रिलेची. चार्जर, फॉगलँप, पुढे कधीतरी आणखी काही, असं दोन-तीन वस्तूंचं ठरत असेल तर हीच. रिले म्हणजे विजेने चालणारं बटण. जड प्रवाह बॅटरीवरून थेट येतो, आणि तो सोडायचा की नाही हे चावीवर चालणारी एक नाजूक वायर ठरवते. रिलेच्या आतली कॉइल सुमारे १५० मिलिअँपिअर घेते, तेवढा भार गाडीच्या वायरिंगला जाणवतही नाही.

रिलेच्या बुडाला आकडे कोरलेले असतात. ३० वर बॅटरीचा पॉझिटिव्ह, १० च्या फ्यूजमधून. ८७ वरून वीज बाहेर, तुमच्या वस्तूंकडे. ८६ ला चावीवरची वायर, ८५ ला अर्थ, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जाणारी वायर. पाच पायांचा रिले मिळाला असेल तर मधल्या पायावर ८७ए लिहिलेलं असतं, आणि तिथे चावी बंद असतानाच वीज असते! त्याला काही जोडू नका, आणि सॉकेटमध्ये त्याची वायर आलीच असेल तर ती उघडी न सोडता टोकाला स्लीव्ह घाला. आत डायोड किंवा रेझिस्टर असलेला रिले मागून घ्या. कॉइल बंद होताना उलट धक्का मारते, आणि इंजेक्शनच्या गाडीत ईसीयूच्या, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरच्या, शेजारी असले धक्के नकोत. डायोडवाल्या रिलेत ८६ ला पॉझिटिव्ह आणि ८५ ला अर्थ हा क्रम चुकवायचा नाही.

आता चावीवरची वायर कोणती? टेललाइटची पॉझिटिव्ह वायर सगळ्यात सोयीची. ती सीटखाली हाताशी असते आणि बहुतेक गाड्यांत बॅटरीच्या डीसीवर चालते. हेडलाइटची वायर घेऊ नका. २०१७ आधीच्या अनेक लहान गाड्यांत हेडलाइट थेट स्टेटरच्या एसीवर चालायचा. इंजिन बंद ठेवून चावी चालू केली तर तो पेटत नाही, आणि रेस वाढवली की उजेड वाढतो. या लाइनवर चार्जर लावला की तो पहिल्याच दिवशी जातो. ईसीयू, एबीएस, फ्यूएल पंप आणि इंजेक्टरच्या वायरना तर हातही लावायचा नाही. मोठ्या गाड्यांत कंपनीने ॲक्सेसरीसाठी वेगळा कनेक्टर दिला आहे का ते आधी पुस्तिकेत बघा. केटीएमच्या काही मॉडेलांत तो असतो आणि मग बरंच काम वाचतं.

वायरच्या रंगावरून मात्र कधीही ठरवू नका. होंडाच्या गाड्यांत हिरवी वायर अर्थ असते आणि काळी म्हणजे चावीनंतरचा पॉझिटिव्ह. यामाहात काळी वायर अर्थ असते. यामाहावर हात बसलेल्या माणसाने होंडाची काळी वायर 'ही अर्थच असणार' म्हणून चेसिसला लावली की फ्यूज गेलाच. म्हणून मल्टिमीटर. काळी सळई बॅटरीच्या निगेटिव्हवर, लाल सळई कनेक्टरच्या मागच्या बाजूने हळूच आत. चावी बंद: शून्य. चावी चालू: बॅटरीएवढे व्होल्ट. इंजिन चालू करून रेस दिली: साडेचौदाच्या पुढे न जाता स्थिर. तिन्ही जमलं तर वायर तुमची. वायरच्या आवरणात टाचणी खुपसून तपासायची सवय असेल तर सोडा, त्या भोकातून पाणी शिरतं आणि तार आतून हिरवी पडत जाते.

प्रत्यक्ष जोडणी

चावी काढून खिशात ठेवा. बॅटरीचा निगेटिव्ह आधी सोडवा, पॉझिटिव्ह नंतर. जोडताना उलट, पॉझिटिव्ह आधी आणि निगेटिव्ह सगळ्यात शेवटी. पॉझिटिव्हच्या बोल्टवर दहाचा पाना फिरवताना त्याचं दुसरं टोक चेसिसला लागलं तर ठिणगी उडते. निगेटिव्ह सुटलेला असेल तर काहीच होत नाही.

रिलेची जागा सीटखाली किंवा साइड पॅनेलच्या आत, एक्झॉस्टपासून लांब. पाय खाली करून बसवा, म्हणजे सॉकेटमध्ये पाणी साठणार नाही. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून निघालेल्या वायरवर १० चा फ्यूज वीतभर अंतराच्या आत हवा. बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधला तुकडा घासून शॉर्ट झाला तर त्याला अडवणारं कोणी नाही, म्हणून तो तुकडा शक्य तितका छोटा.

८७ वरून निघालेली वायर पुढे दोन फाट्यांत वाटा, प्रत्येक फाट्याला त्याचा फ्यूज: एक चार्जरला, एक फॉगलँपला. आता जे सांगतो ते चांगले चांगले इलेक्ट्रिशियनही करत नाहीत. टेललाइटवरून ८६ ला येणारी बारीक वायरसुद्धा फ्यूजमधून घ्या, २ किंवा ३ अँपिअरचा. 'तिच्यात प्रवाहच किती, फ्यूज कशाला' असं म्हणतात. पण ती वायर कुठे घासून अर्थ झाली तर टेललाइटच्या लाइनवरचा गाडीचाच फ्यूज उडणार, आणि एकच मेन फ्यूज असलेल्या छोट्या गाडीत मग सगळंच बंद.

टेललाइटची वायर कापायची नाही. तिच्या कनेक्टरमध्ये मध्येच घालता येईल असा एकास दोन फाटा तयार करा: एक नर बुलेट, दोन मादी. उद्या काढून टाकला की गाडी जशीच्या तशी. वॉरंटीतल्या गाडीत हे फार महत्त्वाचं, कापलेलं हार्नेस, म्हणजे गाडीच्या मूळ वायरचा जुडगा, दिसलं की विजेच्या तक्रारीत हात वर केले जातात. वायरला चिमट्यासारखे दाबून बसवायचे निळे-लाल टॅप दुकानदार हमखास पुढे करेल. त्यातली पाती आवरण फाडून तारेला टेकते, काही तारा कापतेही, आणि तिथून पाणी आत जातं. कोरड्या हवेत ते टिकत असतील, आपल्या पावसात नाही.

क्रिंप कसा करायचा ते नीट बघा, कारण दहापैकी आठ बिघाड इथेच सुरू होतात. आधी स्लीव्ह वायरवर ओवून मागे सरकवा. हे विसरलात तर कनेक्टर दाबून झाल्यावर कपाळाला हात लावाल. मग टोक ६-७ मिमी सोला. सोलताना एखादी तार तुटली तर ते टोक कापून पुन्हा सोला. तारांना हलका पीळ द्या, कनेक्टरच्या नळीत घाला. पुढून तारांची टोकं जेमतेम दिसली पाहिजेत, मागून तांबं दिसता कामा नये. पक्कड एकदाच, पूर्ण दाबेपर्यंत. आता वायर एका हातात, कनेक्टर दुसऱ्या हातात, आणि जोर लावून ओढा. सुटली तर आत्ताच सुटू दे. मग स्लीव्ह पुढे आणून लायटरची ज्योत लांबूनच फिरवा, आवरण काळं पडू देऊ नका. हे सगळं टाकीपासून आणि पेट्रोलच्या नळीपासून लांब, वायर बाहेर काढून करा.

सोल्डर अधिक पक्का नाही का, असं हमखास विचारतात. टेबलावर असतो. गाडीवर सोल्डर तारांमध्ये थोडा वर चढतो, तिथे वायर कडक होते आणि जिथे तो संपतो तिथेच थरथरीने तुटते. करायचाच असेल तर त्या सांध्याच्या दोन्ही बाजूंना वायर बांधून टाका, ती हलता कामा नये.

अर्थसाठी रंगवलेल्या चेसिसच्या कुठल्याही बोल्टवर भरवसा ठेवू नका. मी प्रत्येक वस्तूची काळी वायर परत सीटखाली आणतो, सगळ्या एका थिंबलमध्ये गोळा करतो आणि ती बॅटरीच्या निगेटिव्हवर बसवतो. वायर थोडी जास्त लागते, पण दिवा लुकलुकला तर शोधायची जागा एकच उरते.

वायरचा मार्ग टाकीखालून, गाडीच्या मूळ हार्नेसच्या सोबतीने. तिला नळी घाला आणि वीत-वीत अंतरावर टाय मारा, पण टाय इतका आवळू नका की आवरण दबेल. सगळ्यात नाजूक जागा हँडलची मान. तिथे वायर सैल सोडा, एक मोकळं वळण द्या. मग हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे, दहा वेळा. वायर ताणली जाते का, मध्ये चिमटते का, क्लच किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलला अडते का, हे बोटाने चाचपून बघा. सगळ्यात शेवटी, बॅटरी जोडून झाल्यावर, गाडी चालू करून आयडलवर पुन्हा तेच करा. हँडल वळवताना रेस वाढली तर तुमची वायर ॲक्सिलरेटरची केबल ओढते आहे. तशी गाडी रस्त्यावर नेऊ नका.

फॉगलँपचं बटण जड लाइनमध्ये घालू नका. त्यांच्या फाट्यावर वेगळा रिले देऊन त्याच्या ८६ च्या बारीक वायरमध्ये घाला, म्हणजे हँडलवरच्या छोट्या बटणातून अगदी किरकोळ प्रवाह जातो आणि त्याचे पॉइंट जळत नाहीत. दिव्यांचा झोत खाली, रस्त्याच्या डाव्या कडेवर. धुक्यात वर मारलेला पांढरा झोत तुमच्याच डोळ्यांवर परत येतो, पिवळा आणि खाली असलेला कामाला येतो. शहरात ते बंद ठेवा. समोरच्याला दिसेनासं होतं, आणि वाहतूक पोलीस दंड करतात तो त्यासाठीच.

सीट बंद करण्याआधी

निगेटिव्ह अजून सुटलेलाच आहे. मल्टिमीटर बीपवर ठेवा, एक सळई वस्तूंच्या लाल वायरवर, दुसरी काळ्या वायरवर. सलग बीप वाजला तर कुठेतरी शॉर्ट आहे, शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. क्षणभर वाजून थांबला तर चार्जरमधला कपॅसिटर भरतो आहे, ते ठीक.

फ्यूज बसवा, निगेटिव्ह जोडा. चावी बंद असताना ८७ वर शून्य व्होल्ट. चावी चालू केली की रिलेचा 'टक' असा आवाज बोटालाही जाणवतो. चार्जरला मोबाइल लावा, फॉगलँप चालू करा आणि वस्तूच्या अगदी टोकाशी व्होल्ट मोजा. बॅटरीवरच्या आकड्यापेक्षा तो अर्ध्या व्होल्टहून जास्त कमी असेल तर एखादा क्रिंप कच्चा आहे. मग आयडलवरची ती पहिली चाचणी पुन्हा करा, या वेळी सगळं चालू ठेवून.

शेवटी गळती. चावी बंद, बॅटरीचा निगेटिव्ह सोडवून बोल्ट आणि वायर यांच्यामध्ये मल्टिमीटर मिलिअँपिअरवर लावा. नव्या गाड्यांत घड्याळ आणि ईसीयूमुळे थोडासा प्रवाह दिसतोच. तुमचा मुख्य फ्यूज काढून पुन्हा बघा. आकडा दोन्ही वेळा तोच आला पाहिजे. मीटर लावलेला असताना चावी फिरवू नका, मीटरचा आतला फ्यूज जातो.

पावसासाठी

चार्जरमध्ये शिरणारी वायर वरून येऊ देऊ नका. तिला आधी खाली झोळीसारखं लटकवून मग वर न्या, म्हणजे पाणी तळाशी थेंबून पडतं. कनेक्टरमध्ये डायइलेक्ट्रिक ग्रीस भरा. सगळीकडे सिलिकॉन थापायचा मोह होतो, तो आवरा. आत गेलेलं पाणी मग बाहेरच पडत नाही. वरची बाजू बंद, खालची उघडी ठेवा. वॉशिंग सेंटरवाल्याला प्रेशरचा झोत चार्जरवर मारू नको असं आधीच सांगा. आणि भर पावसात मोबाइल लावूच नका. ओल्या टाइप-सी पोर्टच्या पिना चार्जिंग चालू असताना हिरव्या पडतात आणि खर्च मोबाइलचा होतो.

मोबाइलबद्दलच आणखी एक. इंजिनची जोरदार थरथर आयफोनच्या कॅमेऱ्याच्या स्थिरीकरणाला बाधू शकते, असं ॲपलनेच २०२१ मध्ये जाहीर केलं होतं. हँडलवर मोबाइल लावणार असाल तर रबरी डँपर असलेला होल्डर घ्या, आणि केबल वीतभर लांबीची, काटकोनी टोकाची. लांब केबल वाऱ्यात फडफडून पोर्ट सैल करते.

बसवल्यावर शंभर-दोनशे किलोमीटरनंतर सीट उघडून प्रत्येक फ्यूज होल्डरला बोट लावून बघा. कोमट चालेल, चटका बसला तर आतली पकड सैल आहे. पहिल्या मोठ्या पावसानंतर कनेक्टर सोडवून हिरवटपणा आलाय का बघा. टूलकिटच्या पिशवीत प्रत्येक आकड्याचे दोन-दोन फ्यूज ठेवा. आणि एका कागदावर आकृती काढा: कोणता फ्यूज कशाचा, रिलेची चावीवरची वायर कुठून घेतली, रिले कुठे आहे. प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून सीटच्या आतल्या बाजूला चिकटवून टाका. घाटात अंधारात ती तुम्हाला लागेल, किंवा तुमची गाडी उघडणाऱ्या अनोळखी मेकॅनिकला.